ओसरीवरच्या कुंदाताई

फोनवर कुणाशीही बोलायचं असलं की कुंदाताईंचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा. "तुम्ही आत्ता कुठं बसलाय?"

समोरचा माणूस गांगरायचा. त्याची तक्रार असायची की फोटो चढत नाही, नाहीतर पासवर्ड घेत नाही, आणि ही बाई विचारतेय कुठं बसलाय. पण तो सांगायचा. गोठ्यात बसलोय. दुकानात हाय. एसटीत हाय ताई, आवाज येतोय का. मग कुंदाताई खुर्चीत मागे रेलायच्या आणि डोळे मिटायच्या. तो गोठा, ते दुकान, ती खडखडणारी एसटी त्यांच्या मिटल्या पापण्यांआड उभी राहत असावी. मग म्हणायच्या, "हां. आता फोन स्पीकरवर टाका आणि मला सांगा, काय दिसतंय."

शेवगावला एका दुकानाच्या वर आमची खोली होती. तिथून 'ओसरी' चालायची. ओसरी म्हणजे इंटरनेटवरची बसायची जागा. मराठी माणसांनी यावं, विचारावं, लिहावं, भांडावं. कपाशीवर पडलेल्या किडीपासून आजीच्या तोंडच्या अर्धवट आठवणाऱ्या ओव्यांपर्यंत तिथे काहीही निघायचं. मिलिंदने ती सुरू केली होती. कोड लिहायला मी होते. आणि लोकांच्या तक्रारी आणि सूचना बघायला कुंदाताई. आमच्या मागच्याच बाजूला कापसाची जिनिंग मिल होती. हंगामात खिडकीतून रुईची म्हातारी उडावी तसे कापसाचे तंतू आत यायचे, टेबलावर, कीबोर्डवर, चहाच्या कपात उतरायचे. मी ते सारखी झटकायची. कुंदाताईंच्या केसांवर ते दिवसभर तसेच राहायचे आणि संध्याकाळच्या उजेडात त्यांच्या डोक्याभोवती पांढरं धुकं जमल्यासारखं दिसायचं.

त्या आल्या तेव्हाच पन्नाशीच्या पुढे होत्या. त्याआधी कितीतरी वर्षं नगरच्या एका छापखान्यात लग्नपत्रिकांची मुद्रितं तपासत होत्या. छापखाना बंद पडला आणि त्या शेवगावला परतल्या. घरची माहिती त्यांनी कधी फारशी दिली नाही. मोठ्या डोळ्यांच्या, सावळ्या, हळू चालणाऱ्या. बोलताना मध्येच थांबायच्या, आणि तो थांबा इतका लांबायचा की नवख्या माणसाला वाटावं, बाई विसरल्या.

आल्या आल्या त्यांनी एक गोष्ट बदलायला लावली. ओसरीवर तेव्हा दोन बटणं होती, 'बग रिपोर्ट' आणि 'फीचर सजेशन'. कुंदाताई ती बराच वेळ बघत बसल्या.

"मिलिंद, हे वाचून माणूस दारातूनच परत जाईल रे."

"मग काय लिहायचं?"

"घरी आलेल्याला आपण काय विचारतो?"

दुसऱ्या दिवशी बटणं झाली, 'काय अडलं?' आणि 'काय हवं?'. आणि लोक लिहायला लागले. 'काय हवं?' मध्ये पाथर्डीकडच्या कुणीतरी नुसतं 'पाऊस' लिहिलं. कुणी 'पोराला नोकरी' लिहिलं. मिलिंद म्हणाला, असलं सगळं पुसून टाका. कुंदाताईंनी पुसलं नाही. पावसाच्या माणसाला त्यांनी उत्तर लिहिलं, 'हे आमच्या हातात नाही. पण तुमच्याकडे विहिरीला पाणी कसं आहे यंदा?' त्या माणसाचं लांबलचक उत्तर आलं, आणि पुढे तोच माणूस ओसरीवरचा मोठा लिहिणारा झाला.

त्यांच्याबरोबर बाहेर पडायचा योग मला एकदा तिसगावच्या निमित्ताने आला. तिथल्या एका शेतकऱ्याने लिहिलं होतं, 'दुपारी साईट चालत नाही. सकाळी चालते, सांजच्याला चालते.' आम्ही सर्व्हर तपासला. दुपारी कसलाही ताण नव्हता. कुंदाताईंचा अंदाज होता की त्या भागात दुपारी रेंज जात असेल. त्यांनी फोन लावला, कुठं बसलाय विचारलं. शेतात बांधावर, म्हणाला. कुंदाताईंनी डोळे मिटले, बराच वेळ मिटले, आणि उघडून म्हणाल्या, "मला नाही दिसत. जाऊन येऊ. चल गं."

ऐन उन्हाळ्यात आम्ही एसटीने तिसगावला उतरलो. तो माणूस फाट्यावर टोपी हातात घेऊन उभा होता. आम्ही खरंच आलो याचंच त्याला नवल. त्याने आम्हाला शेतात नेलं. बांधावर झाड नव्हतं, सावली नव्हती, सगळं शिवार उन्हात पांढरं पडलं होतं. त्याने फोन माझ्या हातात दिला.

"बघा. हाय का काही?"

पडदा कोरा होता. रेंज होती, ओसरी उघडलेली होती, पण अक्षरं नव्हती. मिलिंदने आणि मी हौसेने निवडलेला तो फिकट राखी रंग उन्हात विरघळून गेला होता.

"दुपारी उडून जात्यात," तो म्हणाला.

कुंदाताईंनी फोन घेतला आणि त्यावर पदर धरला. मग पदराखालून मला म्हणाल्या, "ये इकडं." मी डोकं आत घातलं. हिरव्या सुती पदरातून गाळून आलेल्या उजेडात अक्षरं एकेक करून वर आली, तळ्याच्या तळाचे खडे दिसावेत तशी. कुणीतरी ज्वारीच्या हुरड्याबद्दल लिहिलेलं होतं. त्या रणरणत्या उन्हात आम्ही दोघींनी एका पदराखाली उभं राहून ते शेवटपर्यंत वाचलं. बाहेरून तो विचारत होता, "दिसतंय का ताई?" परत आल्यावर मी अक्षरं काळीभोर केली.

'काय हवं?' मध्ये एकदा श्रीगोंद्याकडच्या सिंधू नावाच्या बाईंनी लिहिलं. 'मी रोज येते. सगळं वाचते. लिहायला माझ्याकडे काही नसतं. आवडलं म्हणून दाबलं तर काहीतरी बोलल्यासारखं होतं. नुसतं येऊन बसल्याचं कळवायची सोय होईल का?'

मिलिंदने ते वाचलं आणि हसला. "याचा उपयोग काय?"

"माहीत नाही," कुंदाताई म्हणाल्या.

"मग?"

"आमच्या गावात संध्याकाळी बायका देवळाच्या पायरीवर येऊन बसायच्या. काही जणी तोंडच उघडायच्या नाहीत. पण एखादी आली नाही तर सगळ्यांना कळायचं."

मिलिंदच्या डोक्यावर तेव्हा बरीच कामं होती. ते मागे पडलं. कुंदाताईंनी वाद घातला नाही. दर सोमवारी आम्ही बसायचो तेव्हा सगळं बोलून झालं की त्या शांतपणे म्हणायच्या, "सिंधूबाईंचं राहिलंय." कितीतरी सोमवार. शेवटी मलाच राहवलं नाही आणि मी एका दुपारी ते करायला घेतलं. तेव्हा शब्दावर अडलं. 'बसलोय' लिहावं तर बायकांचं काय, 'बसलेय' लिहावं तर पुरुषांचं काय. दोन दिवस आमची भाषेवर चर्चा चालली. कुंदाताई खिडकीबाहेर उडणारा कापूस बघत होत्या. म्हणाल्या, "'इथंच आहे' लिही."

सिंधूबाईंनी पहिल्यांदा दाबलं. मग काही जणांनी गंमत म्हणून दाबलं. पुढे एकदा एका गृहस्थांनी बायको गेल्याचं लिहिलं. चारच ओळी होत्या. एरवी अशा वेळी लोक भावपूर्ण वगैरे लिहितात, पण त्या ओळी अशा होत्या की काही लिहायचा धीर कुणाला होईना. संध्याकाळपर्यंत त्या चार ओळींखाली नावाखाली नाव येत गेलं. अमुक इथंच आहे. तमुक इथंच आहे. मिलिंद आपल्या पडद्यापुढे बसून ती नावं वर सरकताना बघत होता. मग त्यात त्याचंही नाव आलं.

पण कुंदाताई म्हटलं की मला आधी विठ्ठलराव आठवतात. हेही श्रीगोंद्याचे. साखर कारखान्यात वजनकाट्यावर नोकरी करून निवृत्त झालेले. ओसरीवर ते गाळपाच्या हंगामातल्या आठवणी लिहायचे. उसाच्या गाड्यांची रांग, बैलांच्या घुंगरांचा आवाज, थंडीत लांबवर पसरलेला मळीचा वास. लोक त्यांच्या लिखाणाची वाट बघायचे. आणि तेच विठ्ठलराव 'काय अडलं?' मध्ये जवळजवळ रोज आमची हजेरी घ्यायचे. 'आपण झोपा काढता काय?' अशी सुरुवात असायची. मला त्यांचं नाव दिसलं की कपाळाला आठी पडायची. कुंदाताईंना ते आवडायचे. "हा माणूस रोज नीट बघतो," त्या म्हणायच्या.

एकदा त्यांनी लिहिलं, 'गेल्या आठवड्यापासून ओळी वाकड्या दिसतात. मधली अक्षरं पुसट. त्वरित दुरुस्ती व्हावी.'

मी काहीच बदललं नव्हतं. तरी होते तेवढ्या सगळ्या फोनवर उघडून पाहिलं. ओळी सरळ होत्या. मी उत्तर लिहिलं, दोष आढळला नाही. त्यांचं लगेच आलं, 'दोष आढळत नाही म्हणजे मी खोटा.' त्यानंतर रोज तेच. ओळी वाकड्या. ओळी अजून वाकड्या. शेवटी मी वैतागून कुंदाताईंकडे दिलं.

त्यांनी विठ्ठलरावांच्या सगळ्या जुन्या तक्रारी काढल्या आणि अर्धा दिवस वाचत बसल्या. मग फोन लावला आणि मला ऐकू यावा म्हणून स्पीकरवर ठेवला.

"विठ्ठलराव, तुम्ही आत्ता कुठं बसलाय?"

"घरी. पडवीत. ते कशाला पायजे?"

"सूनबाई आहेत जवळ? त्यांच्या फोनवर ओसरी उघडा बरं."

बरीच खुडबुड ऐकू आली. सुनेचा आवाज आला. मग विठ्ठलराव विजयी स्वरात म्हणाले, "यातबी वाकड्याच हायेत. दोन्ही फोन एकदम कसे बिघडतील? म्हंजे दोष तुमचाच."

कुंदाताईंचे डोळे मिटलेले होते.

"पडवीला खिडकी आहे का हो?"

"हाय."

"तिच्या गजांकडे बघा. सरळ आहेत?"

पलीकडे कुठेतरी ट्रॅक्टर चालला होता. तो जवळ आला, लांब गेला.

"एक डोळा झाकून बघा. मग दुसरा."

मग एकदम वेगळ्याच, बारीक आवाजात ते म्हणाले, "ताई, गज वाकलेत." आणि थोड्या वेळाने, "लोखंडी हायेत. मीच बसवून घेतलेले. ते वाकायचे न्हाईत."

"डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा. उद्याच जा."

"मी साईटची तक्रार केलीय," विठ्ठलराव म्हणाले. "माझी न्हाई केली." आणि फोन बंद झाला.

कुंदाताईंनी पुन्हा लावला. उचलला नाही. त्या दिवशी त्यांनी दुसऱ्या एकाही तक्रारीला हात लावला नाही. चहा समोर निवून गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या आल्याच नाहीत. दुपारी त्यांचा फोन आला, मागे मोठी गर्दी ऐकू येत होती. "आम्ही नगरला आलोय. डोळ्यांच्या दवाखान्यात. विठ्ठलरावांचा नंबर लागायचाय."

त्या भल्या पहाटे शेवगावहून निघून नगरला गाडी बदलून श्रीगोंद्याला पोचल्या होत्या. पडवीत काय झालं ते विठ्ठलरावांच्या सुनेने मला नंतर सांगितलं. विठ्ठलराव खाटेवर भिंतीकडे तोंड करून बसले होते. कुंदाताई त्यांच्या पायाशी बसल्या. डॉक्टरचं नाव काढलं नाही. म्हणाल्या, मळीच्या वासाचं तुम्ही लिहिलंय ते मी परत वाचलं. पुढं काय झालं ते लिहिलंच नाहीत. विठ्ठलराव भिंतीकडे बघतच म्हणाले, "ताई, आता लिवायला यायचं न्हाई मला. दोन डोळं, त्यातला एक ह्यो असा. दुसराबी जाईल. कुणी सांगितलं नसतं तर मी साईटलाच शिव्या देत बसलो असतो. ते बरं हुतं."

कुंदाताई म्हणाल्या, "शिव्या द्यायला तरी दिसायला पाहिजे ना. चला."

सून म्हणाली, सासरे आयुष्यात कुणाचं ऐकून उठले नव्हते. ते उठले, टोपी घातली, आणि लहान मुलासारखा हात पुढे केला.

डाव्या डोळ्याच्या आतला पडदा सुजून बराच खराब झाला होता. उजव्याची नुकतीच सुरुवात होती. डॉक्टर म्हणाले, आलात ते वेळेवर आलात. डोळ्यात इंजेक्शनं द्यावी लागली, पुन्हा पुन्हा जावं लागलं. उजवा डोळा राहिला. डाव्यात मधोमध एक डाग कायमचा उरला.

त्या काळात 'काय अडलं?' मध्ये विठ्ठलरावांचं नाव दिसत नव्हतं. मला चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. मग एका सकाळी ते आलं. 'ओळी आता पुष्कळ सरळ झाल्या आहेत. डावीकडून पाहिल्यास थोड्या वाकड्या राहतील असे डॉक्टरांचे मत आहे. तो दोष माझ्या नावावर मांडावा. तथापि आपले शोधायचे बटण अजूनही नीट चालत नाही. आपण झोपा काढता काय?'

मी आणि मिलिंद पोट धरून हसलो. कुंदाताई हसल्या नाहीत. त्यांनी चष्मा पुसला, फोन लावला आणि विचारलं, "कुठं बसलाय?" शोधायचं बटण खरंच बिघडलेलं होतं.

पुढे ओसरी वाढली आणि आमच्या तिघांच्या हाताबाहेर गेली. मिलिंदने ती पुण्याच्या एका कंपनीकडे सोपवली. माणसं वाईट नव्हती. त्यांनी सगळं चकाचक केलं. तक्रार लिहून बोट उचलायच्या आत उत्तर येऊ लागलं, 'आपली तक्रार नोंदवण्यात आली आहे.' कुंदाताई काही दिवस ती उत्तरं वाचत बसायच्या, मुद्रितं तपासावी तशी. त्यांत चूक सापडायची नाही. एका सोमवारी सगळं बोलून झाल्यावर त्या म्हणाल्या, "मी थांबते आता." मिलिंदने खूप आग्रह केला. त्या फक्त मान हलवत होत्या, रागावलेल्या नव्हत्या. जाताना डबा, चष्म्याचं घर आणि खिडकीतली तुळशीची कुंडी घेऊन गेल्या. त्यानंतर कितीतरी लोकांनी सूचना म्हणून नुसतं 'कुंदाताई' लिहिलं. प्रत्येकाला उत्तर गेलं, 'आपली सूचना नोंदवण्यात आली आहे.'

मीही थोड्याच दिवसांत नगरला दुसरी नोकरी धरली.

त्यांना शेवटचं पाहिलं ते एका मे महिन्यात. लग्नासाठी शेवगावला गेले होते. फोन केला तर म्हणाल्या, "उद्या सकाळी लवकर ये. गाव वर आलंय." मला अर्थ लागला नाही. सकाळी त्यांच्याबरोबर रिक्षाने धरणाच्या पाण्याच्या कडेला गेले तेव्हा कळलं. त्यांचं गाव धरणात गेलेलं होतं, त्या लहान असताना. इतकी वर्षं शेजारी बसून त्यांनी हे कधी सांगितलं नव्हतं. त्या उन्हाळ्यात पाणी फार मागे हटलं होतं. जिथवर नजर जाईल तिथवर गाळाची सपाट जमीन, भेगाळलेली, शंख-शिंपल्यांनी भरलेली, आणि पलीकडे पाण्याची एक चंदेरी रेघ. कुठे जोत्याचे चार दगड, कुठे नुसता उंचवटा. बगळे त्यातून हिंडत होते.

कुंदाताईंनी चपला हातात घेतल्या आणि चालू लागल्या. माझ्यासाठी तिथे काहीच नव्हतं, पण त्या रस्त्यावरून चालाव्या तशा चालत होत्या, वळणावर वळत होत्या. "इथं शाळा. हे सोनारांचं. इथून पुढं चिखल असायचा, नळाचा." त्यांचा आवाज वाऱ्याने माझ्यापर्यंत अर्धाच येत होता. मध्येच कुणाला तरी वाट द्यावी तशा त्या बाजूला झाल्या, ते त्यांचं त्यांना कळलंही नसेल.

एका जागी त्या थांबल्या. तिथे दगडही नव्हता. सपाट, कोरडा गाळ. त्यांनी चपला खाली काढून ठेवल्या, नीट जोडीने. निऱ्या जरा वर धरल्या, आणि उंच उंबरा ओलांडावा तसा पाय उचलून पलीकडे टाकला. आत गेल्यावर डावीकडे वळल्या, खाली वाकल्या, पुन्हा सरळ झाल्या. ऊन नुकतं वर येत होतं. मी बाहेरच उभी राहिले.

त्यांनी मागे वळून पाहिलं.

"अगं, ये ना आत," कुंदाताई म्हणाल्या. "फक्त डोकं सांभाळ. दार ठेंगणं आहे."

मी चपला त्यांच्या चपलांशेजारी काढल्या, डोकं वाकवलं आणि आत गेले.